सातशे तेराव्या वर्षाची ओहोटी

वीस पैलूंच्या त्या फाशाची एक कड बाकीच्या कडांपेक्षा दोन दशांश मिलिमीटरने जास्त झिजली होती. तिने ती कामावरच्या कॅलिपरने तीनदा मोजली होती आणि तिन्ही वेळा आकडा तोच आला होता. झीज कुठून आली हेही तिला ठाऊक होतं. फासा टाकण्याआधी वहिनी तो अंगठ्याखाली घासायची, नेहमी त्याच कडेवर, गेली अकरा वर्षं.

ती तराजू तपासायची. दुकानांतले, औषधांच्या कारखान्यांतले, सोनारांचे. त्यांवर प्रमाणित वजनं ठेवायची, काटा बघायची आणि बरोबर असेल तर शिक्का मारायची. रविवारी दुपारी मात्र ती सूत्रधार व्हायची. दादाच्या घराच्या वरच्या खोलीत, दोन लाकडी घोड्यांवर टेबल म्हणून टाकलेल्या जुन्या दाराभोवती चौघं जमायची. ती एका जगाची गोष्ट सांगायची आणि बाकीची तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायची. काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि जमेल की नाही असा प्रश्न आला की फासा टाकायचा. वहिनी होती नावाडीण. दादा चोर. आणि शाळेपासूनचा मित्र, दातांचा डॉक्टर, लंगडत चालणारा नकाशेवाला.

अकरा वर्षांच्या अकरा वह्या भरल्या होत्या. आठ महिन्यांपूर्वी दादाने त्यांचं पान न् पान स्कॅन करून घेतलं. "नुसतं शोधायला बरं पडेल गं," म्हणाला. मग एके दिवशी कळलं, त्याने लिहिलेला प्रोग्राम त्या वह्यांवरून बोलायला लागलाय. गोष्ट स्वतःच पुढे नेतोय.

तेव्हापासून दादाचा प्रश्न सरळ होता. डॉक्टर परदेशी गेला, तो आता स्क्रीनवरूनच भेटायचा. तिची तयारी शनिवारभर चालायची आणि शनिवारही आता कामाचे झाले होते. गेल्या वर्षात डाव पडले ते चार. सूत्रधाराची जागा यंत्राला द्यायची, की खेळ बंद करायचा? यंत्राला दिली तर आपण कोण उरतो, हे तिला कळत नव्हतं. म्हणून आठ महिने ती "बघू" म्हणत आली होती.

आज चाचणी होती. तिच्या खुर्चीवर एक छोटा स्पीकर ठेवला होता, आणि ती पहिल्यांदाच खेळणाऱ्यांच्या बाजूला, वहिनीशेजारी बसली होती.

"वन्सं, अशा काय बसल्यात परीक्षेला बसल्यासारख्या?" वहिनीने चिडवलं.

"परीक्षाच आहे. फक्त कोणाची ते कळत नाहीये."

"सूत्रधारबाई, या बाजूने जग कसं दिसतं?" स्क्रीनवरून डॉक्टर.

"तुझ्या नाकपुड्या दिसतात. कॅमेरा वर कर."

दादाने बटण दाबलं. आवाज साधा होता, बातम्या सांगणाऱ्या माणसासारखा.

"वर्ष सातशे तेरा, पहिला दिवस. सकाळची वेळ. कोळी धक्क्यावर उभे आहेत, पण कोणी जाळं उचलत नाही. पाणी मागे जातंय. रोजच्या ओहोटीच्या खुणेखाली गेलंय आणि अजून थांबलेलं नाही."

दादाने तिच्याकडे पाहिलं. "हे तुझं?"

"नाही."

"वहीत कुठेतरी असेल."

"नाही रे. ओहोटी मी कधी मोजलीच नाही. तुम्ही विचारलंत की 'मध्यम' म्हणून मोकळी व्हायचे."

"वा!" डॉक्टर म्हणाला. "लोकांचे तराजू मिलिग्रॅमपर्यंत तपासायचे आणि स्वतःचा समुद्र मध्यम!"

"म्हणजे हे थापा मारतंय," दादा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "थांबा, बंद करतो."

"हात लावू नकोस."

तिने पहिली वही ओढली. दुसऱ्याच पानावर तिचं अकरा वर्षांपूर्वीचं, जरा जास्तच गोलाई असलेलं अक्षर होतं. थोरला चंद्र दर तेवीस दिवसांनी पूर्ण. धाकटा दर एकतीस दिवसांनी. वर्ष तीनशे साठ दिवसांचं, आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी सूर्य सर्वांत जवळ. खाली एक ओळ होती: ज्या दिवशी समुद्र निघून गेला, त्या दिवसापासून लोक वर्षं मोजतात, शून्यापासून. ती ओळ तिने केवळ कानाला बरी वाटली म्हणून लिहिली होती. खेळ सातशे दोन साली सुरू झाला, तेही का, तर फासे टाकून तोच आकडा आला म्हणून.

तिने पेन्सिल घेतली. एका दिवशी दोन्ही चंद्र पूर्ण होते आणि सूर्यही जवळ होता, म्हणून तिघांच्या ओढीने समुद्र निघून गेला. ठीक. मग हे तिन्ही पुन्हा एकत्र कधी येतील? तेवीस, एकतीस आणि तीनशे साठ, तिघांत एकही समान अवयव नाही. तेवीस गुणिले एकतीस, तेवढी वर्षं.

तिने गुणाकार दोनदा केला.

"सातशे तेरा," ती म्हणाली. "बरोबर सातशे तेरा वर्षांनी. एक दिवस अलीकडे नाही की पलीकडे नाही."

"म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे हे त्याने रचलेलं नाही. आपण सुरू केलं तेव्हापासून हा दिवस येतच होता. आणि आपल्यापैकी कोणालाही पत्ता नव्हता. मलासुद्धा."

डॉक्टर स्क्रीनच्या अगदी जवळ आला.

तिला इतकी वर्षं वाटायचं, आपण रविवारी ढकलतो म्हणून ते जग चालतं आणि सोमवारी जागच्या जागी थांबतं. पण ती शिक्के मारत होती, आजारी पडत होती, बसच्या रांगेत उभी होती, तेव्हा मिटलेल्या वहीत दोन चंद्र आपापल्या वाटेने फिरतच होते. यंत्राने फक्त मान वर करून पाहिलं होतं. तिने लिहिलेलं आभाळ तिच्यापेक्षा कितीतरी मोठं निघालं होतं.

आवाज पुढे सांगू लागला. ओल्या वाळूच्या वळ्या क्षितिजापर्यंत गेल्या होत्या. जुने नांगर उघडे पडले होते. बंदराच्या तोंडाशी, आजवर कोणी पाहिली नव्हती त्या जमिनीवर, एक जहाज तळावर सरळ उभं होतं.

सगळ्यांनी ते ओळखलं. नऊ वर्षांपूर्वी, खेळात, ते तिथेच फुटलं होतं. नावाडिणीने भावाचा हात धरून ठेवला होता, फासा पडला वीसपैकी दोन, आणि "हात सुटला" हे शब्द सूत्रधार म्हणून तिनेच उच्चारले होते. वहिनी तेव्हा चहा करायला म्हणून खाली गेली आणि परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते. त्या दिवसापासून नावाडिणीने वल्ह्याला हात लावला नव्हता. ती किनाऱ्यावर दोर विकायची.

"डोलकाठी मोडलेली आहे," आवाज म्हणत होता. "कठड्याला अजून शिंपले चिकटलेले आहेत, आणि आत, जिथे तुझा भाऊ..."

वहिनीने दोन्ही तळवे दारावर घट्ट टेकवले होते.

"थांब जरा," वहिनी यंत्राला म्हणाली.

ते थांबलं. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं, एक सायकल घंटी वाजवत गेली. यंत्राने मध्ये एकही शब्द टाकला नाही.

"पाणी किती वेळ लांब राहील?" अखेर वहिनीने विचारलं.

"सूर्य मावळेपर्यंत."

"मग मी उतरते."

दादाने घसा साफ केला. "मी आलो असतो गं. पण मी तुरुंगात आहे."

"ते तुझं नेहमीचंच."

"माझा पाय वाळूत रुतेल," डॉक्टर हळूच म्हणाला. "मी वरून कंदील दाखवतो."

"नावाडीण धक्क्याच्या शिडीवरून पहिली पायरी उतरते," आवाज म्हणाला. "तिच्याबरोबर कोण आहे?"

वहिनीने कोणाकडेच पाहिलं नाही.

त्या जगातले राजे, कोळणी, तुरुंगाधिकारी, सगळे सूत्रधार म्हणून तिच्याच तोंडून बोलले होते. पण तिचं स्वतःचं असं एकही माणूस तिथे नव्हतं. भिजेल असं, भिईल असं, कोणाचा हात धरू शकेल असं. तिने खुर्ची वहिनीच्या आणखी जवळ ओढली.

"दादा," ती म्हणाली, "आजपासून गोष्ट यालाच सांगू दे. वहिनी, थांब. मी येते तुझ्याबरोबर."