पडद्याची वजनं

थोरल्याच्या घराला कुलूप नाही, आकडे आहेत. चार आकडे दाबले की दार उघडतं, आतूनही आणि बाहेरूनही, आणि ते चार मला कुणी सांगत नाही. "तू विसरशील गं आई," म्हणतो. चाळीस वर्षं गावभरच्या खिडक्यांची मापं तोंडपाठ ठेवून पडदे शिवले मी, आणि मी चार आकडे विसरणार!

तीन महिन्यांमागे मी माझ्याच घरी, माझ्याच पायरीवर पडले. हाड मोडलं नाही, पण दवाखान्यातल्या तपासणीवाल्या बाईंनी कागदावर लिहिलं, 'अशक्त'. त्यांच्या पाच परीक्षा असतात: वजन, हाताची पकड, चाल, खुर्चीतून उठणं आणि थकवा. तीनांत नापास झालं की माणूस अशक्त. चालले मी झकास, पण वजन, पकड आणि खुर्चीनं घात केला. थोरल्यानं मला सातव्या मजल्यावर आणलं. म्हणाला, "कागदावरचं अशक्त गेलं की त्याच दिवशी घरी सोडतो."

मग मी कंबर कसली. सकाळ-संध्याकाळ ओला टॉवेल पिळायचा. सून कामाला गेली की पलंगाच्या काठावरून उठायचं, बसायचं. पकड आली, मांड्या आल्या. वजन मात्र येईना. दार बंद असलं की घास घशाखाली उतरत नाही. पडण्याआधी चार किलो गेलेले, ते गेलेच.

घरून मी एकच वस्तू आणली होती, माझा कामाचा डबा. तो उचलताना थोरला कुरकुरला होता, "दगड भरलेस का?" दगड नव्हते, शिशाच्या चकत्या होत्या. पडदा वाऱ्यानं उडू नये म्हणून खालच्या पट्टीत घालतात त्या. ऐंशी चकत्या, बरोबर चार किलो. लांब झग्याच्या घेरात आतून अस्तर लावलं आणि एकेक शिवून टाकली. टाका असा, की माझा मलाच दिसेना.

तपासणीला थोरला सोबत आलाच. काट्यावर उभी राहिले.

"अरे वा, आजी! चोपन्न. सगळं भरून आलं की!" बाई म्हणाल्या.

"सुनेच्या हातची चव," मी म्हटलं. खोटं बोलायचं तर तोंड भरून बोलावं.

पकडीचं यंत्र दाबलं. पास. मग बाईंनी जमिनीवरच्या दोन पट्ट्या दाखवल्या. "इथून तिथवर चाला. नेहमीसारखं."

आणि तिथे माझी अक्कल उघडी पडली. काट्यावर उभं राहायचं एवढाच विचार केलेला मी. तेच ओझं घेऊन चालायचंय, हे डोक्यातच आलं नव्हतं! घेर पायात लोंबकळायला लागला. पाऊल टाकलं की चार किलो मागे ओढायचे. खुर्चीतून पाच वेळा उठायचं होतं, तिसऱ्याला धाप लागली, चौथ्याला घेर खुर्चीच्या पायावर खण्णकन आपटला.

"काय वाजलं?" थोरल्यानं विचारलं.

"माझी हाडं," मी म्हटलं.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. "गेल्या वेळी आजी पाच सेकंदांत चालल्या. आज नऊ. वजन वाढलं, पकड वाढली आणि चाल मंदावली? हे जुळत नाही. शिवाय धापही लागलीय. म्हणजे चाल, खुर्ची, थकवा..."

तीन.

"म्हणूनच म्हणतो," थोरला म्हणाला, "माझ्याकडेच बरी आहे ती." आवाजात काळजी होती, नाही कशाला म्हणू? पण सुटल्यासारखा श्वासही होता.

गप्प बसले तर अशक्त. बोलले तर लबाड. मी दोन्हीचा अंदाज घेतला.

"तू बाहेर हो," मी त्याला म्हटलं. तो गेल्यावर बाईंकडे हात पुढे केला. "कात्री द्या."

मी टाके उसवले. चकत्या टेबलावर पडत राहिल्या. बाई तोंडावर हात दाबून हसल्या. "आजी, हा झगा घालून तुम्ही चार वेळा उठलात?"

"मोजा परत."

वजनात नापास. बाकी चारही पास. चाल तर पुन्हा पाच सेकंद. बाईंनी 'अशक्त' खोडून लिहिलं: 'वजन कमी, आहार वाढवावा'. थोरल्याला आत बोलावून तो कागद मी त्याच्यासमोर धरला, ताठ मानेनं.

त्यानं वाचला. दोनदा. "पन्नास? आत्ता तर चोपन्न होतं!" मग टेबलावरचा ढीग पाहिला, घेराची चिंधी पाहिली. माझाच मुलगा तो, शिवण ओळखतो.

"आई, गेलेले चार किलो भरलेच नाहीत, आणि माझ्यापासून लपवलंस?"

"शब्द दिला होतास तू. कागदावर अशक्त नाही."

"कागदावर नाही गं. पण उद्या एकटी असताना पडलीस, तर तेही लपवशील. कशी सोडू?"

खरंच लपवलं असतं मी.

"वजन भरू दे," तो म्हणाला. "तीन महिन्यांनी बघू."

घरी आलो. दाराशी त्यानं माझ्याकडे पाठ केली आणि आकडे दाबले. चार टिकटिक. दार उघडलं, मी आत गेले, दार लागलं.

बैठकीतले पडदे फडफडत होते. किती दिवस डोळ्यांत सलत होते ते. डबा घेतला आणि दवाखान्यातून परत आणलेली एकेक चकती खालच्या पट्टीत शिवत बसले. संध्याकाळपर्यंत पडदे सरळ झाले, हलेनात.

सुनेनं ताट वाढलं. मी म्हटलं, "आणखी वाढ."

"आई, आज भूक लागली वाटतं?"

"भूक कसली? वाढ तू."

पहिला घास घशात अडकला. पाण्याबरोबर ढकलला आणि दुसरा उचलला.