सात नंबरचं लिव्हर

घंटा वाजली आणि शेवटच्या तुकडीतली बारा मुलं एकेक स्टूल पुढे सरकली. सात नंबरच्या टेबलावर आलेल्या मुलानं मायक्रोस्कोपाला डोळा लावलाच नाही. त्यानं स्लाइड क्लिपांतून सोडवली, खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि पडल्या चेहऱ्यानं जागेवर ठेवली. मग तो आठ नंबरवर गेला आणि तिथेही त्यानं हाच सोहळा केला.

दाराशी उभ्या असलेल्या मामांचा ऊर भरून आला. सकाळपासून जवळजवळ प्रत्येक मूल या दोन काचा अशाच हातात घेऊन निरखत होतं. "चांगल्या कामाची नजर आहे पोरांना," ते मनाशी म्हणाले.

मामा तसे कुणाचेच मामा नव्हते. मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ होते. अवयवाचा मेणात बसवलेला तुकडा यंत्रावर केसाहून पातळ कापायचा, रंगवायचा, काचेवर चढवायचा, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. परीक्षेच्या संचातल्या बाकीच्या स्लाइड विकतच्या होत्या. लिव्हर आणि पॅनक्रियाज या दोनच मामांच्या हातच्या, आणि त्याही नोकरीच्या पहिल्या वर्षातल्या, हात बसायच्या आधीच्या. लिव्हरच्या काचेखाली डाळीच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. पॅनक्रियाजला मधोमध चुणी पडली होती. दर परीक्षेला त्या बाहेर काढताना मामांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून जायच्या आधी त्यांनी दोन्ही नव्यानं कापल्या. चाळीस वेळा कापल्या, अडतीस वेळा फेकल्या. जमल्या त्या दोन घरी नेल्या आणि जेवणाच्या टेबलावर बसून मऊ फडक्यानं पुसत राहिले.

"माझ्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नाहीत," बायको म्हणाली.

"तुला पाहायला भिंग लागत नाही," मामा म्हणाले. ही स्तुती होती की नाही, यावर त्या दोघांचं झोपेपर्यंत एकमत झालं नाही.

तर परीक्षा संपली आणि मामा दोन्ही काचांच्या कौतुकाची वाट पाहत व्हरांड्यात येऊन उभे राहिले. आली ती पोरांची झुंड. पुढे 'काका' होता. या विषयाला तिसऱ्यांदा बसलेला म्हणून वर्गानं त्याला हे नातं बहाल केलं होतं. यंदा नापास झाला तर कॉलेज त्याचं नाव काढून टाकणार होतं.

"मामा," काका रडवेल्या आवाजात म्हणाला, "बुडबुडा कुठे गेला?"

"कसला बुडबुडा?"

"लिव्हरचा हो! आणि पॅनक्रियाजची चुणी?"

त्यानं खिशातून चार घड्या पडलेला कागद काढला. तो वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे किती वर्षं चालत आला होता कोण जाणे; अक्षर तर आता कुठेतरी मोठा डॉक्टर झालेल्या कुणाचं तरी होतं. 'हाड, कातडी, मूत्रपिंड नीट बघून ओळखता येतात. लिव्हर आणि पॅनक्रियाज दोन्ही गुलाबी सतरंज्या. डोकं शिणवू नये. बुडबुडा ते लिव्हर, चुणी ते पॅनक्रियाज.'

मामा मटकन बाकावर बसले. एकतीस वर्षं मुलं त्यांचं काम पाहतच नव्हती. त्यांच्या चुका पाहत होती आणि त्यांवर पास होत होती. इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मामा, एक कराल?" काका जवळ सरकला. "सात-आठ नंबरची लेबलं तुमच्याकडून उलटसुलट लागली असं सांगा. मग ते दोन प्रश्न रद्द होतील, सगळ्यांना मार्क मिळतील. तुम्ही तर चाललातच. तुम्हाला कोण काय म्हणणार?"

"मला काही म्हणणार नाही रे कुणी," मामा म्हणाले. त्यांना काकाची दया आली, आणि हा पोरगा पुढेमागे आपलंच पोट तपासेल हेही मनात आलं.

इतक्यात आतून बोलावणं आलं. विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत बाहेरून आलेले परीक्षक उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते. चेहरा असा की जणू कुणी त्यांना चहाचा रिकामा कप दिला आहे.

"अठ्ठेचाळीस मुलं," ते म्हणाले. "त्यातल्या चाळीस जणांनी लिव्हरला पॅनक्रियाज तरी म्हटलंय, नाहीतर जागा कोरी सोडलीय. एकतर तुमची स्लाइड चुकलीय, नाहीतर तुमचा वर्ग. काय लिहू?"

"मामा," मॅडम फार गोड आवाजात म्हणाल्या, आणि त्यांची भुवई मामांना काहीतरी वेगळंच सांगत होती, "गडबडीत लेबलं इकडची तिकडे झाली असतील. होतं असं. हो ना?"

दाराच्या फटीत काकाचा एक डोळा दिसत होता. फक्त हो म्हणायचं होतं. मामांनी तोंडही उघडलं.

"नाही मॅडम," त्यांनी स्वतःलाच बोलताना ऐकलं. "सातवर लिव्हर, आठवर पॅनक्रियाज. मी कापलंय."

दाराबाहेर कुणीतरी कण्हलं. आता तोंड उघडलंच आहे तर मामांनी बुडबुड्यापासून कागदापर्यंत सगळं सांगून टाकलं. "चूक माझीच आहे सर. पण आजची नाही, एकतीस वर्षांपूर्वीची. पोरांना शिक्षा द्या, पण त्याआधी मला अर्धा तास द्या. त्यांना काच नको, आतलं दाखवतो. तोंडी परीक्षेत हेच दोन विचारा. तरी नाही आलं तर काय ते लिहा."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. "माझं जेवण व्हायचंय," ते म्हणाले. "ते होईपर्यंत."

मामा उभ्या जन्मात वर्गासमोर उभे राहिले नव्हते. आधी त्यांनी स्वच्छ फळाच पुन्हा एकदा पुसला.

"हे बघा," शेवटी त्यांनी फळ्यावर एक वेडीवाकडी सहा कोनांची आकृती काढली. "लिव्हर म्हणजे नीट आखलेली वसाहत. मधोमध चौक. तिथे एक शीर. चौकाकडे येणाऱ्या पेशींच्या रांगा, रांगांमधून रक्ताच्या गल्ल्या. प्रत्येक कोपऱ्यात तीन नळ्या शेजारीशेजारी. दोन रक्त आणतात, एक पित्त बाहेर नेते. रक्त कोपऱ्यातून चौकात, पित्त चौकाकडून कोपऱ्यात. दोघं एकाच घरातून जातात, पण एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

"आमच्या आईबाबांसारखं," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला आणि मामांची जीभ सैल झाली.

"आणि पॅनक्रियाजला आखणी नाही, नुसती दाटी. पेशींचे घोस, मुळाशी जांभळे, टोकाला गुलाबी. पाचक रस गाळायचा, नळीत सोडायचा, दिवसभर एकच धंदा. पण काच हळूहळू सरकवा. दाटीत मध्येच एक फिकट बेट लागेल. ती माणसं वेगळी. त्यांना नळी नाही. जे करायचं ते गुपचूप करतात आणि थेट रक्तात सोडतात. साखर त्यांच्या हातात. ते बेट सापडल्याशिवाय उठायचं नाही."

मग एकेकाला त्यांनी स्टुलावर बसवलं. काका सर्वांत शेवटी बसला. बराच वेळ काच सरकवत राहिला.

"मामा," तो एकदम ओरडला, "आहेत हो! खरंच आहेत!"

तोंडी परीक्षेत बेचाळीस जण पार पडले. मग काकाची पाळी आली. "सर, हे पॅनक्रियाज," तो म्हणाला. "सगळा कारखाना चालू आहे आणि मध्ये चार शांत माणसं बसलीत."

"शांत माणसांना नाव असतं."

"आयलेट्स ऑफ लँगरहान्स, सर. इन्सुलिन करतात."

परीक्षकांनी स्वतः मायक्रोस्कोपात डोकावून पाहिलं. जरुरीपेक्षा जास्तच वेळ पाहिलं. मग काकाच्या नावापुढे आकडा मांडला आणि मान न उचलता म्हणाले, "कापलंय सुंदर." दाराशी मामांनी ते ऐकलं. त्यांना घरी जाऊन बायकोला लगेच सांगावंसं वाटलं.

संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर मॅडम आल्या. दमल्या होत्या.

"मामा, आज तुम्ही होतात म्हणून निभावलं. पुढच्या वर्षी तुम्ही नसाल. जुन्या दोन स्लाइड तेवढ्या माझ्या कपाटात आणून ठेवा. उगाच धोका नको."

"फुटल्या मॅडम."

"अरे! कधी?"

मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दहा मिनिटांत."

 मॅडम हसू दाबत पर्स खांद्याला लावून निघून गेल्या.

आतल्या खोलीत मामांनी त्या दोन्ही जुन्या काचा फडक्यात गुंडाळल्या आणि वरून एकदाच वजन ठेवून दाबलं. फार बारीक आवाज झाला. तुकडे त्यांनी वर्तमानपत्राच्या दुहेरी पुडीत बांधले, दोरा आवळला. सकाळी झाडायला येणाऱ्या बाईंचे हात उघडे असतात हे त्यांना आठवलं, म्हणून खिशातलं पेन काढून पुडीवर ठळक अक्षरांत लिहिलं: काच आहे. जपून उचला.