वाढलं म्हणजे लागू पडलं

मित्रांनो, या घराच्या मधल्या खोलीत एक उंच कपाट आहे. त्याच्या माथ्यावर, बंद पडलेली इस्त्री आणि मान मोडलेला टेबलपंखा यांच्यामध्ये एक चपटी, काळपट पेटी अंग चोरून बसली आहे. ती मी. आज माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण एके काळी माझा थाट असा होता की या घरात पाहुण्याला चहा उशिरा मिळे आणि माझी ओळख आधी करून दिली जाई.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. शाळेच्या बाकांचं मोठं काम आलं होतं, त्यातून उरलेल्या तुकड्यांतून त्याने मला घडवलं. सुतार मोठा तिरसट. गिऱ्हाइकाने घाई केली की तो मुद्दाम हातातलं काम ठेवून बाहेर जाऊन बसे. पण माझ्या पोटात भोकं पाडताना तो श्वास रोखून काम करी. काचेची एकेक कुपी आत सोडून बघायची, सैल वाटली की चरफडायचं, अडली की कानशीने हळूच घासायचं. तळाला त्याने फलालीनचं हिरवं मऊ कापड चिकटवलं, पुढे पितळेची कडी लावली आणि मला उलटं धरून हलवलं. एकही कुपी वाजली नाही. "जमलं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेलं तेवढं एक कौतुक मी पुढे कितीतरी वर्षं पुरवून पुरवून आठवलं.

तिथून मी गेले एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे. त्यांच्याकडे माझ्यासारख्या दोन-तीन पेट्या असत. नेहमीच्या माणसाने फारच गळ घातली तर ते देत. मला ज्यांनी मागून घेतलं त्या या घरच्या काकू. त्यांच्या लेकीला तेव्हा बारा महिने सर्दी असायची.

डॉक्टरांनी मला त्यांच्या हाती देताना बजावलं होतं, "वहिनी, शिंका, खरचटणं, प्रवासातली मळमळ, एवढ्यापुरतीच हं ही. ताप, छाती, पोट असं काही असलं तर आधी माणूस दवाखान्यात दाखवायचा." मग कुप्या कशा ठेवायच्या तेही त्यांनी सांगितलं. काकूंनी दोन्ही वेळा मान डोलावली. पहिलं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं आणि दुसरं मात्र काळजावर कोरून ठेवलं.

काय सांगू मित्रांनो, मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं त्यांनी! ऊन नको, ओल नको, वास तर नकोच नको, वासाने गोळ्यांचा गुण जातो म्हणे. मी आल्यापासून घरात कांदा चिरायला बंदी झाली. कॉफी शेजाऱ्यांकडे जाऊन प्यायची. काका एका छापखान्यात बाइंडर होते. दिवसभर पुठ्ठे, खळ आणि सरस यांच्यात हात घातलेला माणूस, अंगाला वास येणारच. ते घरात शिरले की काकू आतून ओरडत, "अहो, आधी हात! पेटी उघडी आहे!" बिचारे काका साबण घेऊन नळाखाली असे उभे राहत, जसं काही आता ऑपरेशनच करायचं आहे. गोळ्यांना बोट लावायचं नाही, कुपीच्या झाकणात घ्यायच्या आणि तिथून थेट जिभेवर. पांढऱ्या मण्यांसारख्या त्या चार गोळ्या, पण थाट राजाच्या मुकुटाचा.

कौतुकाचे दिवस आले ते असे की विचारू नका. कोणी शिंकलं की काकू हजर. सर्दी काही दिवसांनी आपली आपण निघून जाते, हे मला कुठे ठाऊक होतं? सर्दी गेली की श्रेय माझं. नाही गेली तर रोग्याने चोरून कांदा खाल्लेला असणार. दोन्ही बाजूंनी मीच जिंकत होते. गल्लीत त्यांचं नावच पडलं, 'गोळ्यांच्या काकू'. त्या ते नाव मोठ्या ऐटीत मिरवीत.

एकदा शेजारच्या लहानग्या मुलीने एक अख्खी कुपी खाऊ समजून फस्त केली. सगळ्यांचं धाबं दणाणलं. पोरगी मात्र दिवसभर उड्या मारत होती. काकू खूश होऊन म्हणाल्या, "बघा, किती निरुपद्रवी आहे!" अख्खी कुपी खाऊन काही होत नाही, तर चार गोळ्यांनी काय होतं, हा प्रश्न कोणाच्याच मनात आला नाही. माझ्याही नाही. कौतुक चाललेलं असताना असले प्रश्न सुचत नसतात.

कुपीत गोळ्या संपत आल्या की काकू बाजारातून साध्या गोड गोळ्या आणून वर ओतत. "तळाशी जुन्या आहेत ना, त्या या नव्यांना शिकवतात," असं त्यांचं म्हणणं. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची रक्तदाबाची गोळी त्यांनी परस्पर बंद केली, तेव्हा लेक चिडली. ती एव्हाना शाळेत भूगोल शिकवू लागली होती.

"आई, डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करायला सांगणारी तू कोण?"

"अगं, दोन्ही एकत्र घेतल्या तर एकमेकींना मारतात."

"कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात," काकू म्हणाल्या आणि विषय संपला. त्या बाईंनी आपली जुनी गोळी गुपचूप पुन्हा सुरू केली आणि त्यांना बरं वाटू लागलं. ते बरं वाटणंही माझ्याच नावावर जमा झालं.

आणि या सगळ्यात माझे सगळ्यात निष्ठावान रोगी कोण, तर काका. डोकं दुखू दे, पाठ धरू दे, ते निमूटपणे जीभ बाहेर काढीत. काकू शेजारी बसून विचारीत, "टोचतंय की ठणकतंय? उजवीकडे की डावीकडे? गार हवेत बरं वाटतं का?" काका परीक्षेला बसल्यासारखा विचार करून उत्तरं देत. मग गोळ्या. मग थोड्या वेळाने काकू मान पुढे करून, डोळे मोठे करून विचारीत, "कसं वाटतंय?" आणि काका म्हणत, "बरं वाटतंय." त्या दोन शब्दांनी काकूंचा चेहरा असा उजळे की मलाही आपण कोणीतरी आहोत असं वाटे. खरं सांगते, ते दिवस आठवले की अजून माझं लाकूड आतून उबदार होतं.

मग तो दिवस आला. काका छापखान्यातून दुपारीच परतले, पोट धरून. बेंबीभोवती दुखत होतं. जेवणाचं नाव नको, दोनदा ओकारी झाली. काकूंनी मला उघडलं, प्रश्न विचारले, गोळ्या दिल्या. संध्याकाळी दुखणं बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली गेलं. लेक म्हणाली, "आई, आपण दवाखान्यात जाऊ." काकूंच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं.

"अगं, जागा सोडली ना त्याने? खाली उतरतंय म्हणजे बाहेर निघालंय."

सकाळी काकांचं अंग तापलं होतं. ते एका कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडले होते. खाट जरा हलली तरी दात आवळत. लेकीने बापाच्या कपाळावरचा हात काढला आणि आईकडे वळली. "आई, वाढलंय. दिसत नाही का तुला?"

"दिसतंय ना! वाढलं म्हणजे लागू पडलं," काकू म्हणाल्या. "औषध आधी दुखणं ढवळतं, मग काढतं. आता मध्ये दुसरं औषध घातलं तर केलेलं सगळं पाण्यात जाईल. थोडा धीर धर."

मित्रांनो, काकू दुष्ट नव्हत्या हो. काकांवर त्यांचा जीव होता. म्हणूनच तर त्या त्यांच्या उशाशी बसून होत्या. पण त्यांची नजर माझ्या कुप्यांवर होती, काकांच्या पायांकडे नव्हती. लेकीने चपला घातल्या आणि रिक्षा बघते म्हणाली, तेवढ्यात काका म्हणाले, "थांब गं. थांबलं. खरंच, एकदम थांबलं."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी तर छाती अशी फुगली की कडी तुटायची वेळ! लेकसुद्धा खाली बसली. काकूंनी मला पिशवीत घातलं. काकांना दिलेल्या गोळ्यांची कुपी संपली होती, ती भरून आणायची होती आणि ही बातमी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं.

दवाखान्यात चार माणसं बसली होती. काकूंनी त्यांच्यासमोरच सुरुवात केली. पोट कसं दुखलं, कसं खाली उतरलं, कसं वाढलं आणि कसं थांबलं. डॉक्टर ऐकता ऐकता लिहायचे थांबले.

"वहिनी, हळूहळू थांबलं की एकदम?"

"एकदम! जादू झाल्यासारखं!"

डॉक्टर उठून उभे राहिले. "ताप आहे? ओकाऱ्या झाल्या?" काकूंनी होकारार्थी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून जागच्या जागी होतं, ते कुठे न्यावं हे त्यांना कळेना. डॉक्टरांनी तिथूनच रुग्णवाहिकेला फोन केला, घराचा पत्ता सांगितला आणि म्हणाले, "आत सुजलेलं काही फुटलं की दुखणं असं एकदम थांबतं. चला, आधी चला!"

दोघं निघून गेले. मी टेबलावर उघडीच राहिले. बाकावरच्या चार माणसांपैकी कोणी हललं नाही. मी मनातल्या मनात एकच धावा करत होते, की निदान रुग्णवाहिका वेळेवर पोचू दे.

कितीतरी दिवस कोणी मला न्यायला आलं नाही. एके दिवशी लेक आली. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले. अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता. एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं करावं लागणार होतं. "काही सांगता येत नाही म्हणतात," ती म्हणाली आणि खुर्चीत बसून रडली.

"तुमच्याच गोळ्या ना या?" रडणं ओसरल्यावर तिने विचारलं.

डॉक्टरांनी मला जवळ ओढून रिकामी कुपी बाहेर काढली. मग म्हणाले, "माझ्याच. गोळीने अपाय होत नाही, हे मीही लोकांना सांगत आलो. पण गोळी घेऊन वाट बघत बसण्याने अपाय होतो, हे तितक्या जोरात सांगायला हवं होतं."

लेकीने माझं झाकण लावलं आणि मला घरी आणलं. रिकाम्या घरात मी ओट्यावर पडून राहिले. शेजारी कांदे होते. वास येत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

दुसरं ऑपरेशन झालं. काका त्यातून वाचले. मित्रांनो, मला देव माहीत नाही, पण त्या दिवशी दारात त्यांचा आवाज ऐकला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. ते निम्मे झाले होते. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. काकूंनी त्यांना खाटेवर बसवलं, पाठीशी उशी दिली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मला वाटलं, आता मला चुलीत घालतील. घातलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं.

"माझंच चुकलं," काकू म्हणाल्या. "थांबलं म्हणालात, आणि मी मूर्खासारखी नाचत गेले."

काकांनी उशीचा कोपरा चिमटीत धरला. मग म्हणाले, "थांबलं होतं गं, पण थोडाच वेळ. तू पेटी घेऊन डॉक्टरांकडे निघालीस ना, तेव्हा पुन्हा सुरू झालं. सगळ्या पोटात."

"मग हाक का नाही मारलीत?"

"तू किती खूश होतीस."

काकूंनी त्यांच्या पाठीमागची उशी नीट केली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि आधी? इतकी वर्षं? बरं वाटतंय म्हणायचात ते?"

"कधी खरंच वाटायचं," काका म्हणाले. "कधी तू विचारायचीस म्हणून."

मित्रांनो, माझी सारी कीर्ती त्या एका वाक्यात वितळली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण काकूंकडे बघितलं आणि माझं दुःख मला क्षुल्लक वाटलं. त्यांनी मला उचललं, कपाटाच्या माथ्यावर ठेवलं, खाली उतरल्या आणि खाटेवर काकांच्या जवळ बसल्या. टोचतंय की ठणकतंय, असं काही विचारलं नाही. त्यांचा हात हातात घेतला. त्याला सरसाचा वास राहिला नव्हता, औषधांचा येत होता.

"आता खरं सांगा. दुखतंय?"

"दुखतंय," काका म्हणाले. "खूप दुखतंय."

"मग ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करू?"

"कर."

त्यांनी लगेच फोन केला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना 'आम्हाला जपा' असं म्हणतात. मी ते म्हणणार नाही. मला फार जपलं गेलं, त्यातला थोडासा जीव जरी त्या खाटेवरच्या माणसाकडे बघण्यात गेला असता तर पुरे होतं. मी तुमच्याकडे एवढंच मागते. घरात कोणी आजारी असेल आणि तुमच्या आशेने भरलेल्या चेहऱ्याकडे बघून 'बरं वाटतंय' म्हणालं, तर लगेच खूश होऊ नका. त्याच्याकडे नीट बघा आणि पुन्हा एकदा विचारा.