घुमटावरचं बुजगावणं

तिसरा ठोसा बसला तेव्हा निबाल्दोच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच बाहेर आलं. तरी मुकादम एलिएसेरने त्याची कॉलर सोडली नाही. लोखंड उचलून उचलून त्याचा हातही लोखंडाचाच झाला होता, आणि तो आवरायला आज कुणी पुढे येत नव्हतं. पन्नासेक माणसं भोवती उभी राहून बघत होती.

"कुणाचे कपडे घातलेस त्याला? मेलेल्या माणसाची टिंगल करतोस, हरामखोर?"

"टिंगल नाही, मुकादम," निबाल्दो थुंकत म्हणाला. "वर जाऊन बघा तरी."

उत्तरादाखल चौथा ठोसा. वर काय आहे ते एलिएसेरने सकाळीच पाहिलं होतं. दुर्बिणीच्या घुमटाची शेवटची कमान काल चढली आणि आज तिच्या टोकावर एक माणूस लोंबकळत होता. घुमटाच्या पायथ्याशी गेल्यावर कळलं, बुजगावणं आहे. अंगात निळा डगला, आणि छातीवर मोठ्या अक्षरांत शिवलेलं नाव: उ. बारासा. उल्दारिको, त्याचा धाकटा भाऊ. हिवाळ्यात याच घुमटावरून पडून मेलेला.

बुजगावणं टांगण्यात नवल काहीच नव्हतं. छताचा सांगाडा पुरा झाला की मालकाने कामगारांना भाजलेलं मांस आणि वाइन द्यायची, आणि मालक चिकट निघाला तर त्याच्या नावाचं बुजगावणं फास लावून माथ्यावर लटकवायचं, हे चिलीत शेंबडं पोरसुद्धा जाणतं. इथे ठेकेदाराने जेवण साफ नाकारलं. का, तर शेजारच्या डोंगरावरच्या दुर्बिणींना धूर चालत नाही. गावच्या चौकाएवढा आरसा बसवणाऱ्यांना चार बकरे जड झाले. पण टांगायचं तर ठेकेदाराला टांगायचं, टाय लावून, पोटात कागद कोंबून. उल्दारिकोला का?

"सहा महिने तुम्ही गप्प बसलात," निबाल्दो जमिनीवरून म्हणाला. "मग आम्हीच त्याला बोलायला वर बसवलं."

एलिएसेरचा उगारलेला हात तसाच राहिला.

तेवढ्यात धुरळा उडवत कामावर देखरेख करणारा ठेकेदाराचा साहेब इतुर्रा आला. गाडीतून उतरला तोच मुळी ओरडत. "दुपारी युरोपातले पाहुणे येताहेत, आणि हा काय तमाशा? बकरे मागवतो, वाइन मागवतो, खाली कॅम्पात पाहिजे तेवढं खा. पण ते ध्यान आधी उतरवा."

माणसं चुळबुळली. रोजरोज मसूर खाऊन जीव विटला होता, खोटं कशाला बोला. कुणी हो म्हणालं नाही, पण नाहीही कुणी म्हणालं नाही.

"बारासा, तू जा," साहेब म्हणाला. "भाऊ तुझा, नाव तुझं. उगाच सगळ्यांना आठवण कशाला, की त्या गाढवाने पट्ट्याचा हुक लावला नव्हता."

एलिएसेरने कमरेचा सुरा चाचपला आणि शिडी धरली.

वर वारा माणसाला मारायलाच उठला होता. पहिल्या वळणावर त्याने एलिएसेरला कमानीवर असा आपटला, की कपाळ फुटलं आणि एक डोळा रक्ताने मिटला. वाळूचे कण गाल सोलत होते. प्रत्येक पावलाला तो पट्ट्याचे दोन्ही हुक आळीपाळीने कमानीलगतच्या तारेच्या दोरात अडकवत होता. एक सोडायचा तो दुसरा लावल्यावरच. हे त्यानेच उल्दारिकोला शिकवलं होतं, कानफटात मारून मारून. चांगलं शिकवलं होतं.

म्हणूनच साहेब खोटं बोलतोय हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी भावाजवळ पहिला तोच पोचला होता. उल्दारिकोची मान मागे वळली होती, फासळ्या डगल्यातून बाहेर आल्या होत्या, आणि पट्ट्याचे दोन्ही हुक बंद होते. त्यांच्यात तुटलेल्या तारेच्या दोराचा गंजका तुकडा लोंबत होता. पोलीस येईपर्यंत तो तुकडा नाहीसा झाला आणि वर नवा दोर आला. साहेब म्हणाला होता, काम थांबलं तर सगळेच घरी जातील. एलिएसेरने मान डोलावली होती. तेव्हापासून आईच्या समोर बसून घास गिळणं त्याला जमलेलं नव्हतं.

टोकावर पोचून त्याने सुरा काढला. फास कापायला हात मानेकडे नेला, तर फास नव्हताच. पोरांनी बुजगावण्याला पट्टा घातला होता आणि तो कमानीला दोन हुकांनी अडकवला होता. दोन्ही बंद. वर तारेने करकचून बांधलेले, कुणाला सहजी सोडता येऊ नयेत म्हणून. निबाल्दोचे दात आठवून एलिएसेरने सुरा मागे घेतला.

वॉकीटॉकी खरखरला. "बारासा, काप आणि टाक खाली."

"कापत नाही, साहेब."

"काय?"

"दोन्ही हुक लावलेत. त्यानेही दोन्ही लावले होते. दोर तुटला होता, तुमचा, गंजलेला. मी डोळ्यांनी पाहिला आणि तोंड दाबून बसलो."

मुकादमाचं बोलणं पन्नास वॉकीटॉकींतून पन्नास माणसांनी ऐकलं.  खाली साहेबाने दोन रखवालदारांना शिडीकडे पिटाळलं आणि पहिल्याच्या जबड्यावर पाना बसला. मारणारा निबाल्दो होता. मग सगळंच सुटलं. काठ्या, गज, हेल्मेटं. पाच-सहा जणांनी साहेबाची गाडी खांद्याने रेटून उताराला लावली. ती कोलांट्या खात दरडीत गेली. दुसरा रखवालदार तुटका हात पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला होता आणि पळणाऱ्या साहेबाच्या मागे दगड जात होते. कुणीतरी मरणार, एलिएसेरला वाटलं. त्याने ओरडून पाहिलं, पण वाऱ्याने आवाज तोंडातच कोंबला.

वाऱ्याच्या धक्क्याने बुजगावणं लोखंडावर पुन्हा पुन्हा आदळत होतं. एलिएसेरने सुरा म्यान केला. आपले दोन्ही हुक लावले, कमानीवर घोड्यावर बसतात तसा बसला आणि त्याला जवळ ओढून घेतलं. आत कोंबलेल्या सिमेंटच्या कागदी गोण्या गळ्याशी बाहेर आल्या होत्या. त्याने त्या आत सारल्या आणि डगल्याचं वरचं बटण लावलं. मग ते पुन्हा आपटू नये म्हणून त्याच्या पाठीवर हात ठेवून तो बसून राहिला.