पाच पिशव्या, एक खड्डा

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. मी एक जुनी पहार आहे. एके काळी पाच फूट लांब, अंगाने लोखंडी आणि स्वभावाने, तुम्हाला हसू येईल, फार नाजूक. मला घाण खपत नाही. सारे आयुष्य मातीत गेले, पण माती म्हणजे घाण नव्हे. घाण वेगळी. ती कशी अंगाला लागते आणि का सुटत नाही, तेच सांगायला आज बसले आहे. बसले म्हणजे उभीच आहे. बसणे आमच्या जातीला जमत नाही.

मोडीत निघालेल्या एका ट्रकचा आस लोहाराने भट्टीत लाल केला, ठोकला, एक टोक अणकुचीदार केले, दुसरे चपटे. आस थोडा तोकडा पडला म्हणून अणकुचीदार टोकाच्या वीतभर वर त्याने जोड दिला. त्या जोडावर केसाएवढी फट राहिली. "चालतंय," लोहार म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय?" पुढे जे काही झाले ते तेवढ्यानेच झाले.

मला विकत घेणाऱ्या माणसाला सगळे खड्डेमामा म्हणत. खांबांचे खड्डे, कुंपणाचे खड्डे, झाडांचे खड्डे, हाच त्याचा धंदा. मामा तो फक्त ताईच्या मुलांचा, पण सगळ्या वस्तीनेच त्याला मामा करून टाकला होता. ही ताई त्याची थोरली बहीण. तिच्या सत्तर-ऐंशी मेंढ्या होत्या आणि वस्तीबाहेरच्या उघड्या माळाच्या कडेला तिचे घर होते, मेंढ्यांचा वाडा होता.

तो माळ मला आवडायचा. दिसायला काही नाही. वीतभर माती, तिच्यात वाटाण्याएवढे पांढरे खडे, आणि तिच्याखाली फरशी. फरशी कुणी बसवलेली नव्हती बरे का! पावसाने खड्यांतला चुना विरघळवायचा, खाली न्यायचा, उन्हाने पाणी उडवायचे आणि चुना तिथेच ठेवायचा. असे हजारो वर्षे चालले, तेव्हा कुठे तो थर दगडासारखा घट्ट झाला. मी त्यावर पडले की ठण्ण व्हायचे आणि मामाच्या दातांपर्यंत झिणझिण्या जायच्या. पण वरचे गवत शहाणे. खाली वाट नाही म्हटल्यावर मुळे आडवी पसरायची, एका पांघरुणात सहा भावंडे झोपतात तशी, एकमेकांना ढकलत, पण कुणी उघडे न पडता. त्या गवतावर मेंढ्या जगायच्या आणि मेंढ्यांवर ताईचे घर.

दोन वर्षांपूर्वी रोग आला. आठवड्यात ताईच्या अकरा मेंढ्या मेल्या. कुत्री त्यांना ओढू लागली. पोटे फुगलेली, डोळ्यांवर माश्या. ताईने तोंडाला पदर बांधला आणि भावाला बोलावले. ती फरशी फोडायला आम्हाला चार दिवस लागले. कंबरभर खड्डा झाला, त्यात अकरा जणी गेल्या, वर दुरून आणलेली मऊ माती टाकली. सगळ्यांत शेवटी गेली ती एकुलती एक काळी मेंढी. ताई तिला 'म्हातारे' म्हणून हाक मारायची. त्या चार दिवसांत मामाचा उजवा खांदा जो गेला, तो गेलाच.

परत आल्यावर मामाने मला वाळूने घासले, तीन पाण्यांनी धुतले, तेल लावले. तान्ह्या बाळाच्या मानेच्या वळीतली माती पुसावी तसा तो माझ्या जोडावरून फडके फिरवत होता. तेव्हा मामा तसा होता, हे सांगितले पाहिजे.

मग आले मातीवाले साहेब. माळ नांगरून तिथे धान्य पेरायचे, असे वरून ठरत होते. आधी माती तपासायची. माळावर पाच ठिकाणी पाच खड्डे, प्रत्येकातली एक पिशवी माती, आणि ती प्रयोगशाळेत. काम साधे होते. फक्त करायला हवे होते.

साहेब गाडीतून उतरले ते रुमालाने बूट पुसतच. पहिल्या जागी मी वीतभर आत गेले आणि ठण्ण!

"हे काय?" साहेब म्हणाले.

"फरशी आहे साहेब. दिवस जाईल एकेका खड्ड्याला."

"दिवस? मला जेवायला घरी जायचंय." साहेबांनी चूळ भरली आणि अर्ध्या खड्ड्यातच थुंकले. मी आत होते, मित्रांनो. "मामा, तुम्ही जाणते आहात. एखादी मऊ जागा माहीत असेलच की तुम्हाला. आणि त्या खांद्यानं किती दिवस खणणार? ऑफिसात शिपायाची जागा आहे. स्टुलावर बसायचं, घंटा वाजली की उठायचं."

मामाने खांदा चोळला. मग त्याने बोट दाखवले. कुठे, ते तुम्हाला कळलेच असेल.

तिथे मी लोण्यात जावी तशी गेले. एकदा, दोनदा, कंबरभर. वर आले तेव्हा माझ्या टोकाला काळी, चिकट माती होती, आणि वास. मला नाक नाही, पण लोखंडाला वास चिकटतो तसा नाकालाही चिकटत नाही. माझ्या फटीत काहीतरी मऊ अडकले. मला ओरडावेसे वाटले. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि रुमालाआडून म्हणाले, "वा! काळीभोर माती! आणि तुम्ही म्हणता फरशी?"

"साहेब, ही जागा जरा..."

"भरा पिशवी."

मामाने भरली.

"आता दुसरी."

"दुसरा खड्डा कुठं घ्यायचा?"

"दुसरी पिशवी म्हणतोय मी!"

पाचही पिशव्या त्याच एका खड्ड्यातून भरल्या. पाच पिशव्यांवर पाच वेगवेगळ्या जागांच्या चिठ्ठ्या लागल्या. साहेबांनी हात झटकले, चहाचा कागदी कप खड्ड्यात टाकला आणि म्हणाले, "लोटा माती."

तिथून आम्ही प्रयोगशाळेत गेलो. पत्र्याच्या छपराची लांबट खोली, मांडणीवर वाळत घातलेल्या मातीचे ट्रे, मधोमध चाळण्या. मामाने मला दाराशी टेकवले. तिथल्या बाईंनी पहिली पिशवी चाळली आणि भुवया उंचावल्या. दुसरी चाळली. तिसरी. मग उरलेल्या दोन्ही.

"साहेब, त्या माळाची माती म्हणता, आणि चाळणीवर एकसुद्धा खडा नाही? पाचही पिशव्या जुळ्या बहिणींसारख्या कशा? आणि ही लोकर कसली?"

"मेंढ्या चरतात तिथं. लोकर नाही तर काय मोती निघणार? पिशवीवर चिठ्ठी आहे ना? चिठ्ठी वाचा. माती वाचायचा पगार मिळत नाही तुम्हाला."

बाईंनी चिठ्ठ्या उतरवून घेतल्या. चाळणीवरचा लोकरीचा काळा धागा त्यांनी मात्र फेकला नाही, एका पुडीत ठेवला. अहवाल आला: जमीन खोल, खडे नाहीत, कस उत्तम. कस उत्तम असणारच! अकरा मेंढ्या होत्या त्यात.

मामाला स्टूल मिळाले, खाकी सदरा मिळाला. मला त्याने तशीच, न धुता, दाराआड कोपऱ्यात उभी केली. पहिल्यांदाच. माझ्याकडे बघायचेच टाळायचा तो. दोन महिने मी त्या वासात उभी होते. अंगावरची माती वाळून खपली झाली. रोज सकाळी तो केसांना तेल लावून, सदऱ्याची गुंडी लावून जायचा, आणि मला त्याची अशी किळस यायची की काय सांगू! आणि मग स्वतःची. आत गेले होते ते माझेच टोक ना?

एका सकाळी ताई आली. दारातच उभी राहिली.

"अरे, पहार दे तुझी. वाडा काढायचाय. खुंट्या उपटत नाहीत."

"का गं? वाडा का?"

"का म्हणून विचारतोस? त्या ऑफिसात बसतोस ना तू? उद्यापर्यंत माळ रिकामा करा म्हणून कागद आलाय. ट्रॅक्टर तर आजच लागला." तिचा आवाज चढला नाही. "इतकी जनावरं घेऊन कुठं जायचं, ते कागदात लिहिलेलं नाही. एवढा शिकलेला कागद, पण तेवढंच विसरला."

मामाने दाराआडच्या कोपऱ्याकडे मान केली. ताईने मला उचलले आणि नाक मुरडले. "शी! कसला वास हा? किती महिने पाणी दाखवलं नाहीस हिला?" तिने पदराच्या टोकाने खपली खरवडली. माझ्या फटीतून एक केसाळ पुंजका बाहेर आला. काळा.

ताईने तो बोटांत धरला. चिमटीत फिरवला. आपल्या हाताने दरवर्षी कातरलेली लोकर तिला ओळखू येणार नाही होय?

"ही म्हातारी आहे," ती म्हणाली. मग हळूच, "तू तिथं खणलंस?"

मामाने सगळे सांगितले. खांदा, स्टूल, पाच पिशव्या. ऐकता ऐकता ताई उंबऱ्यावर बसली.

"माझी मेलेली मेंढी दाखवून माझ्या जिवंत मेंढ्यांचा चारा घालवलास रे," ती म्हणाली. "लहानपणी तुला मी कडेवर घेऊन फिरले, तेव्हा एवढा जड नव्हतास."

मामाने अंगातल्या खाकी सदऱ्यानिशीच मला खांद्यावर घेतले. दुखऱ्याच खांद्यावर.

माळावर ट्रॅक्टरचे दोन पट्टे नांगरून झाले होते. मला बघवेना. फरशीच्या लाद्या मोडलेल्या दातांसारख्या वर आल्या होत्या, वीतभर माती त्यांच्याखाली गाडली गेली होती आणि पांढरा धुरळा उडत होता. ट्रॅक्टरवाला फाळ मोडला म्हणून शिव्या देत होता. प्रयोगशाळेतल्या बाईही, शंका फिटली नव्हती म्हणून, आल्या होत्या. साहेब सगळ्यांना सांगत होते, "सुरुवातीला थोडे दगड लागतातच."

मामा नांगरटीच्या पुढे गेला. मेंढ्या पुरलेल्या खड्ड्यापासून दहा पावले मोजली आणि मला उचलले. एक घाव. ठण्ण! ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केले.

"बाई, तुमची ती चुना ओळखायची बाटली आणलीय?"

बाईंनी पिशवीतून आम्लाची छोटी बाटली काढली आणि माती सारून उघड्या केलेल्या फरशीवर चार थेंब टाकले. फरशी फसफसली, उतू जाणाऱ्या दुधासारखी. नुसता चुना.

"मामा, तुम्हाला ऑफिसात नाही का काम?" साहेब म्हणाले. "आणि एका खड्ड्यानं काय सिद्ध होतं?"

"तेच म्हणतोय साहेब," मामा म्हणाला. "एकच तर खणला होता आपण."

कुणीतरी फस्सकन हसले. बहुतेक ट्रॅक्टरवाला. ताईने मूठ उघडून काळी लोकर दाखवली, आणि बाईंनी आपल्या पिशवीतून ती पुडी काढली. दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. पाचही पिशव्यांतली माती कुठली, ते सगळ्यांना कळले.

"आता उरलेले चार खणा," बाई मामाला म्हणाल्या. "चिठ्ठी मी लिहीन. खड्ड्यात उतरून."

खणायला चार दिवस लागले. खांदा थांबला की ताई मला घ्यायची. चौथ्या खड्ड्यात माझा जोड सुटला, टोक तुटून फरशीतच राहिले; पाचवा मी चपट्या बाजूने पुरा केला. पाचही ठिकाणी तीच फरशी, तीच वीतभर माती. ट्रॅक्टर परत गेला. मामाचे स्टूलही गेले. साहेबांची बदली झाली म्हणतात. कुठेतरी मऊ जागीच झाली असेल.

आता मी ताईच्या वाड्यात असते. नव्या कोकरांना माझ्याशी बांधतात, ती माझ्यावर अंग घासतात. मामा अजून खणतो, नव्या पहारीने, जमेल तसे, आणि घरी निघण्याआधी तिला धुतो. ताई मलाही धुते, कामावर जात नसले तरी. पाऊस झाला की माळ हिरवा होतो. फक्त ते दोन पट्टे तसेच पांढरे राहतात. तिथे गवत येत नाही. तुमच्या नातवंडांच्या वेळीही येणार नाही. मेंढ्याही तिथून जाताना उडी मारून जातात, अंगणातल्या घाणीवरून माणसे जातात तशा.

म्हणून मित्रांनो, एवढेच सांगणे. हत्यार वापरलेत तर धुवा. जमिनीला हात लावाल तर तिच्याजवळ राहणाऱ्याला आधी विचारा. आणि कठीण कामात अचानक कुठे मऊ जागा सापडली, तर हरखून जाऊ नका. थांबा, वाका, आणि आधी बघा, तिथे कुणाला पुरले आहे ते.