पाखराच्या कपाळी टिळा

जव्हारला एसटी डेपोच्या मागच्या आळीत एक कौलारू घर आहे. त्याच्या मधल्या खोलीत, खिळ्याला, घराच्या आकाराचं एक जुनं प्लास्टिकचं घड्याळ लटकतंय. मित्रांनो, ते घड्याळ म्हणजे मी. छपराचा रंग उडालाय, दाराची एक झडप कायमची गेलीय, पण आळीत मला अजून ‘पाखराचं घड्याळ’ म्हणूनच ओळखतात. त्याचा मला थोडा तोरा आहे, तो मी लपवत नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला, देव जाणे. एवढं आठवतं, की एका लांबलचक टेबलाशी कुणीतरी माझ्या पोटात सर्किटची हिरवी पट्टी बसवली, रुपयाएवढा स्पीकर जोडला आणि दारामागे एक पिवळं पाखरू उभं केलं. तास भरला की दार उघडायचं, पाखरू बाहेर यायचं आणि जितके वाजले असतील तितक्या वेळा ओरडायचं. सगळ्यात शेवटी, दाराच्या वर, मला एक डोळा दिला. एका गोल खळग्यात बसवलेली इवलीशी काच. तिला उजेड दिसला तर पाखराने बोलायचं, अंधार दिसला तर गप्प राहायचं. रात्री माणसांची झोपमोड होऊ नये म्हणून केलेली ती सोय. हे सारं एका कागदावर छापलेलं होतं. पण कागद परक्या लिपीतला, त्यामुळे तो पहिल्याच दिवशी चूल पेटवायला गेला.

दोन हजार सालच्या सुमारास गोकुळने मला ठाण्याच्या फुटपाथवरून आणलं. गोकुळ जव्हारला सरकारी कचेरीत कारकून, त्याची बायको हर्षाली शाळेत मास्तरीण. दोघं सकाळी बाहेर पडायची ती संध्याकाळीच परतायची. घरी दिवसभर एकटे असायचे ते गोकुळचे वडील, सुकऱ्याबाबा. त्यांची नजर पार गेली होती. गावी, पोशेऱ्याला, डोंगरावरच्या घरात एकटा आंधळा माणूस कसा राहणार, म्हणून गोकुळने त्यांना आणलेलं.

आणि खरं सांगू? मला आणलं गंमत म्हणून, पण मी कामाला आलो तो बाबांच्या. पाखरू बोललं की बाबा बोटं मोडून मोजायचे. अमुक इतके झाले, म्हणजे झाकलेलं जेवण घ्यायचं. मग रक्तदाबाची गोळी. मग पाच झाले की दाराशी येऊन बसायचं, कारण आता पोरगी, म्हणजे सून हर्षाली, येणार. शेजारच्या गोजाबाईला ते कौतुकाने सांगायचे, “मना टाईम विचार. ह्या पाखरू मना सगळा सांगतो.” तेव्हा मी काय फुगायचो, काय सांगू तुम्हाला!

मग दसरा आला. दसऱ्याला आपल्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हर्षालीने कोयता, विळा, गोकुळची सायकल, सगळं पुसून मांडलं. बाबा म्हणाले, “पाखराला पन खाली काढ. त्याचा टिळा मी लावीन.” त्यांनी मला मांडीवर घेतलं. छपरावरून, दारावरून बोटं फिरवली. बोटाला तो गोल खळगा लागला, तसे ते हसले. “बघ पोरी, टिळ्याला जागा पन ठेवलीय!” हळद-कुंकू पाण्यात कालवून त्यांनी तो खळगा काठोकाठ भरला आणि वर तांदूळ चिकटवला.

माझ्या डोळ्यासमोर अंधार झाला. मित्रांनो, इतक्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता, आणि त्याच हाताने मी मुका झालो. काटे फिरत होते, दार जागचं हलत नव्हतं. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण ओरडणारं पाखरूच तर झोपलं होतं.

बाबांचा दिवस विस्कटला. एकदा जेवण झालं की नाही हेच त्यांना उमगेना. एकदा गोळी दोनदा घेतली, आणि हर्षाली शाळेतून आली तेव्हा ते भिंतीला धरून बसले होते, घामाघूम. तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. रात्री जेवताना बाबा म्हणाले, “गोकुळ, मना पोशेऱ्याला सोड. तिथा कोंबडा तरी हाय. हिथा तुमच्या जिवाला घोर.” कितीही विनवलं तरी त्यांनी ऐकलं नाही. शेवटी रविवारची जीप ठरली. पोशेऱ्याच्या त्या रिकाम्या घरात त्यांना भाकरी कोण देणार, तोल गेला तर धरणार कोण, या विचाराने मी खिळ्यावर नुसता टिकटिकत राहिलो.

रविवारी सकाळी गोकुळने मला टेबलावर पालथं घातलं. तरुणपणी त्याने रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता, त्यामुळे हत्यारं घरात होती. सेल नवे घातले. सेलच्या पत्र्यांवरचा हिरवा गंज पॉलिश पेपरने घासला. स्पीकरच्या तारांना सेल टेकवून बघितला, तर तो खरखरला, म्हणजे स्पीकर ठीक. मग म्हणाला, “पट्टीवरचा जोड सुटला असणार,” आणि धगधगीत सोल्डरिंगची सुई माझ्या पोटात घातली. आई गं! काटा फिरवून बघितलं, पाखरू ढिम्म. वैतागून त्याने खालून हात घालून दार नखाने ओढलं, आणि एक झडप कट्‌कन तुटून त्याच्या हातात आली.

पलीकडे बाबा धोतर गाठोड्यात बांधत होते. गोकुळ हळूच म्हणाला, “मला एवढं पण जमत नाही गं.”

हर्षाली भाकरीच्या पिठाचे हात घेऊनच जवळ आली. म्हणाली, “अहो, हे पाखरू रात्री बोलत नाही ना? पण पावसाळ्यात त्या दिवशी आभाळ भरून आलं, लाईट गेली, तेव्हा भरदुपारीसुद्धा बोललं नव्हतं. रात्र झाली हे ह्याला कळतं कशानं?”

गोकुळने मान वर केली. सकाळपासून तो माझ्या पाठीतच शिरला होता, तोंडाकडे त्याने नीट बघितलंच नव्हतं. हर्षालीने मला उताणं केलं. दारावरचा सुकलेला टिळा तिने बघितला आणि पदराचं टोक ओलं करून जपून पुसून काढला. आतली काच चमकली. मला खिडकी दिसली, तिचं पीठ लागलेलं नाक दिसलं.

तिने काटा फिरवला. तुटक्या दारातून पाखरू बाहेर आलं आणि ओरडायला लागलं!

गाठोड्याची गाठ मारता मारता बाबांचे हात थांबले. ओठ हलवत त्यांनी मोजलं. “अकरा! पोरी, बोलला गं, बोलला!”

गोकुळच्या तोंडून निघालंच, “म्हणजे तो टिळा बाबांनीच...” हर्षालीने त्याच्या हातावर असा चिमटा काढला, की पुढचे शब्द त्याने गिळले.

“सेलचा पत्रा गंजला होता, बाबा,” ती मोठ्याने म्हणाली. “ह्यांनी घासून नीट केला.”

“मंग! कोर्स केलाय माझ्या पोरानं!” बाबा म्हणाले. गोकुळ खाली मान घालून तुटकी झडप हातात फिरवत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, ते बाबांना दिसायचा प्रश्न नव्हता.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. बाबांनी गाठोडं हर्षालीकडे सरकवलं. “जीपवाल्याला सांग, म्हातारा येत नाय. पाखरू बोलायला लागला.”

त्यानंतर बाबा आमच्याकडे पुष्कळ वर्षं राहिले आणि इथेच, याच खोलीत, शांतपणे गेले. मला मुकं कुणी केलं होतं ते त्यांना कधी कळलं नाही. आता घरात प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. माझे सेल संपले की महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. वाईट वाटतं, नाही असं नाही.

एवढंच मागणं आहे मित्रांनो, घरातली एखादी वस्तू बंद पडली तर फेकू नका, आणि लगेच तिच्या पोटात सुया घालत बसू नका. आधी तिचं तोंड पुसून बघा. आणि चूक मायेच्या हातून झालेली दिसली, तर ती पुसून टाका आणि त्या हाताला कधी कळू देऊ नका.