सायीच्या रंगाची गाडी

मास्तरांना साऱ्या गावाने मास्तर केलं ते शाळेत शिकवल्यामुळे नव्हे, गाडी चालवायला शिकवल्यामुळे. गावात स्टिअरिंग धरणाऱ्या निम्म्या माणसांनी त्यांच्या शिव्या खाल्लेल्या. अशा माणसाच्या बायकोला लोकांनी मास्तरीणबाई म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि या मास्तरीणबाईंना गाडीतलं हॉर्नशिवाय काही येत नव्हतं. "बायकोला गाडी शिकवायला बसलं की संसार मोडतो," असं मास्तर म्हणायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ड्रायव्हिंग स्कूल दुसऱ्याच्या हवाली करून मास्तर घरी बसले. घरी बसलेला नवरा म्हणजे काय चीज असते ते जिच्या घरी बसलाय तिलाच विचारावं. सुदैवाने त्यांना छोट्या गाड्यांचा नाद लागला. तळहातावर मावेल एवढी गाडी, पण येते सगळी सुट्या तुकड्यांत. प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक तुकडा कापायचा, कानशीने घासायचा, चिकटवायचा, फटीत पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा आणि मग रंगाचा फवारा सोडायचा. मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडून मास्तर दिवस दिवस त्यात बुडालेले असायचे. खोलीभर थिनरचा वास. बाई नाक मुरडत चहा ठेवून यायच्या, पण मनातून खूश होत्या. पायात पायात येणारा माणूस एका जागी बसला होता.

सध्या चाललेली गाडी मात्र खास होती. जावई बोटीवर इंजिनीअर, महिनोन् महिने पाण्यावर, म्हणून दिवस भरत आलेली मुलगी आईवडिलांकडे राहायला आली होती. येणाऱ्या नातवंडासाठी मास्तर आपल्या स्कूलची पहिलीवहिली गाडी बनवत होते. खरी गाडी कधीच भंगारात गेलेली. फोटो होता तो काळापांढरा.

"फोटो लागतो कशाला," मास्तर म्हणाले. "रंग माझ्या डोक्यात आहे. दुधावरच्या सायीचा."

तो रंग बाईंच्याही डोक्यात होता. ती गाडी रोज सकाळी धुवायची कुणी? मास्तरांनी? शिकवायला मास्तर आणि बादली उचलायला बाई, असा त्या घरचा कारभार होता. त्यामुळे रंगाचा पहिला हात मारून गाडी वाळत ठेवली तेव्हा चहा घेऊन आलेल्या बाई दारातच थबकल्या. गाडी निळी होती. गडद नव्हे, पण कपड्यांना नीळ जास्त झाल्यावर दिसते तशी.

"हा खालचा हात असेल ना?" त्यांनी विचारलं.

"खालचा कसला, हाच रंग. अजून पिवळीच मारतेय बघ. त्या दुकानदाराने जुना माल गळ्यात मारलाय, पांढऱ्याची बाटलीच पिवळी पडलीय." मास्तरांनी चिमट्याने गाडी उचलून उजेडात धरली. "निळ्याचे आणखी दोन थेंब टाकले की येईल बरोबर."

बाटलीतला पांढरा रंग चांगला चुन्यासारखा पांढरा होता. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पण मास्तरांना त्यांच्या कामात चूक दाखवणं म्हणजे आगीत तेल. शिवाय बाकी सगळं कसं बिनचूक होतं. दाराच्या कडा, चाकांच्या वाट्या, तिळाएवढे आरसे, सगळं बसवलेलं जिथल्या तिथे. हे सगळं ते बोटांनी चाचपून बसवतात हे बाईंनी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावायचं टाळलं. त्या चहा ठेवून निघून आल्या.

टाळायला कारण होतं, आणि ते काही फार थोर नव्हतं.

उभ्या आयुष्यात मास्तरांनी बायकोला कधी हौसेने गाडीत बसवलं नव्हतं. बसवलीच तर आधी ताकीद. गाडीत तोंड बंद, एका गाडीला एक ड्रायव्हर पुरे. बाई बिचाऱ्या हातातल्या पिशवीकडे बघत बसायच्या. आणि हाच माणूस गेल्या हिवाळ्यापासून नुसता खिळा आणायला निघाला तरी हाक मारू लागला. "अगं, येतेस का? चल की." वर आणखी, "बोल ना काहीतरी. गप्प का?" मग काय, बाईंच्या जिभेला सुटी लागली. अहो, पुढे सायकलवाला आहे. अहो, लाल झाला. ती बाई बघा, पोराला घेऊन मध्येच घुसली. पूर्वी यातल्या एका वाक्यावर खेकसले असते, आता मुकाट ऐकून घ्यायचे. नदीकाठी गाडी लावून दोघं शेंगदाणे खात बसायची. बाईंनी धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा, "म्हातारपणी का होईना, माणूस सुधारला गं."

त्या सुखात बाई होत्या. ते हातचं जाऊ द्यायला कुणाचं मन होईल?

दुसरा हात मारल्यावर गाडी आणखी निळी झाली. मुलगी पोटाला हात लावत मागच्या खोलीत डोकावली आणि हसली. "बाबा, ही तर निळी केलीत. आई तर सायीची म्हणत होती."

मास्तरांनी गाडी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग म्हणाले, "उजेडामुळे तसं वाटतं." आणि गाडीवर फडकं टाकलं.

बाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. वाद घालणाऱ्याचा चेहरा नव्हता तो. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा होता.

"बाबा, वेळ आली की तुम्हीच न्यायचं हां मला," मुलगी जाता जाता म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या गाडीत मला भीती वाटते."

"मी आहे ना," मास्तर म्हणाले.

बाईंचा जीव टांगणीला लागला. आता डोळ्यांवर कातडं ओढून चालणार नव्हतं. संध्याकाळी मास्तर थिनर आणायला निघाले, नेहमीसारखी हाक आली, आणि बाई गाडीत बसल्या त्या मिठाची गुळणी धरूनच. आज आपण होऊन एक शब्द बोलायचा नाही, आणि तसंच काही अंगावर आलं तर हँडब्रेक ओढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. हँडब्रेक कुठे असतो एवढं त्यांना ठाऊक होतं.

गल्लीतून गाडी मुंगीच्या पावलाने निघाली. मास्तर मान पुढे काढून बसले होते.

"बोल ना," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. नेहमी बडबडतेस की."

"आज डोकं दुखतंय."

मास्तरांनी गाडी आणखी हळू केली. चौकात सिग्नल होता आणि सूर्य बरोबर त्याच्या मागे उतरला होता. बाईंनी डोळ्यांवर हाताची झापड धरली तेव्हा त्यांना लाल दिवा दिसला. मास्तर पुढच्या गाडीच्या मागे थांबले. ती थांबली म्हणून थांबले, हे बाईंना आता कळलं. मग दिवा हिरवा झाला आणि पुढची गाडी निघून गेली. मास्तर जागचे हलले नाहीत. मागून हॉर्न, त्याच्यामागून आणखी हॉर्न.

"झाला का हिरवा?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"उन्हाने दिसत नाहीये."

"आणि ऊन नसतं तेव्हा?"

मास्तरांनी गाडी बंद केली. भर चौकात, आयुष्यभर लोकांना जे करू नका म्हणून ओरडले ते केलं आणि हात मांडीवर ठेवले. मागच्या टेम्पोचा ड्रायव्हर तावातावाने उतरून आला, खिडकीशी वाकला आणि एकदम नरमला. त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला.

"मास्तर, तुम्ही होय? बंद पडली का?"

"बंद पडली," मास्तर म्हणाले.

त्याने स्वतः बसून गाडी सुरू केली, ती लगेच सुरू झाली. त्याने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि काही न विचारता गाडी कडेला लावून किल्ली बाईंच्या हातात दिली. शहाणा मुलगा.

दोघं चालत घरी निघाली.

"मोतीबिंदू असणार," शेवटी मास्तर म्हणाले. "सगळं पिवळट, तेलकट काचेतून बघितल्यासारखं दिसतं. थोरल्या दादाचा डोळा ऑपरेशनातच गेला. मला भीती वाटते गं. डॉक्टरकडे जायची भीती वाटते."

हे त्यांनी दुसऱ्या कुठल्याही दिवशी सांगितलं असतं तर बाईंनी त्यांना पोटाशी धरलं असतं. आज त्यांना दुसरंच काहीतरी विचारायचं होतं.

"म्हणून मला घेऊन हिंडत होता?"

मास्तर रस्त्याच्या कडेने चालत राहिले.

"मी बडबडायची आणि तुम्ही त्यावर गाडी हाकायची. असंच ना?"

"तू बरोबर असलीस की जमायचं," मास्तर म्हणाले.

"आणि पोरीला? तिला कसं नेणार होता? पोटात जीव आहे तिच्या."

"तू असणारच होतीस की शेजारी."

बाई रस्त्यातच उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. म्हणजे ते शेंगदाणे, तो नदीकाठ, ते "चल की", सगळं बाईंच्या डोळ्यांच्या भाड्यापोटी होतं. बहिणीला काय काय सांगून बसल्या होत्या त्या. वेड्यासारख्या.

"तिला सांगू नकोस," मास्तर म्हणाले. "मी काहीतरी कारण काढतो. गाडी बिघडलीय म्हणतो. बंद पडलीच ना आज."

बाई चालू लागल्या. मास्तर मागे पडले. पायरी असेल तिथे पाऊल चाचपत येत होते. बाईंना ऐकू येत होतं, पण त्यांनी वळून हात दिला नाही.

मुलगी बैठकीच्या खोलीत सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. आई आलेली पाहून तिने हात पुढे केला, "बस ना, बघ कसं लाथा मारतंय," आणि आईचा हात पोटावर ठेवून वर आपला हात दाबून धरला. तळव्याखाली खरंच काहीतरी हललं. मास्तर दारात बूट काढत वाकले होते. ते वर बघेनात.

"बाबा तुला नेणार नाहीत," बाई म्हणाल्या. "त्यांना दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. सिग्नल दिसत नाही, रंग दिसत नाही. त्या गाडीचं निळं झालं ते त्यामुळेच. मी सांगत होते आणि ते चालवत होते."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. परवाच ती त्यांच्याबरोबर तपासणीला जाऊन आली होती. बाई मागे बसल्या होत्या आणि सगळ्या रस्त्याने अखंड बडबडत होत्या, आणि मुलगी हसून म्हणाली होती, आई, जरा श्वास घे.

"परवासुद्धा?" मुलीने विचारलं.

"परवासुद्धा."

"आई, तुला हे कधी कळलं?"

"तिचा काही दोष नाही," मास्तर दारातून घाईने म्हणाले. "तिला आजच कळलं. मी लपवलं होतं."

लग्न झाल्यापासून मास्तरांनी बायकोची बाजू घेतल्याचं बाईंना आठवत नव्हतं. आज घेतली होती आणि तीही पक्की. तिच्यामागे लपायला जागाच जागा होती. बाईंना क्षणभर तसंच बसून राहावंसं वाटलं.

"दोष आहे," त्या म्हणाल्या. "पहिला हात मारला तेव्हाच मला कळलं होतं. परवाच्या आधी. पण हे बाहेर नेत होते, चार शब्द बोलू देत होते. मला ते आवडत होतं. म्हणून मी गप्प बसले."

मुलगी आईकडे बघत राहिली. मग तिने पोटावरून आईचा हात उचलला, बाजूला सोफ्यावर ठेवला, आणि टॅक्सीवाल्याचा नंबर शोधायला फोन हातात घेतला.